फळ्या पालटल्या तो चैत्र

आधी ताराकाकूंचं नाव घेते. मग गेंदालालजींचं. बाकी जे सांगायचं ते त्यानंतर, कारण या दोघांतलं एक जरी त्या चैत्रात जाळीच्या गॅलरीत नसतं, तर मी आज इंदुरात नसते. मग कुठं असते, हे मला सांगता येत नाही. त्याचा विचारही मी फार वेळ करत नाही.

आज सकाळी गॅलरीत खाली बसून फळ्यांना तेल पाजत होते. चैत्र जवळ आला की दर वर्षी पाजते. फडकं तेलात बुडवायचं, हलकं पिळायचं आणि लाकडाच्या रेषेरेषेनं ओढत न्यायचं. कोरडी फळी घटाघटा पिते, मग जरा थांबते, मग पुन्हा पिते. तहानलेल्या गाईनं मान वर करून श्वास घ्यावा आणि पुन्हा घमेल्यात तोंड घालावं तशी. तेलाचा वास चढतो. थोडा रंगाच्या डब्यासारखा, थोडा भाजलेल्या दाण्यांसारखा. हा वास आला की मी आधी दचकते आणि मग हसू येतं. दर वर्षी हाच क्रम. दचकणं आधी.

ही गॅलरी स्नेहलतागंजातल्या एका जुन्या घराच्या माडीवर आहे. तीन बाजूंना बारीक तारेची जाळी, वर कौलं, खाली सागवानी फळ्या. ताराकाकूंचे सासरे दरबारी नोकरीत होते. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात असा जाळीचा व्हरांडा पाहून आले आणि हट्टानं बांधून घेतला. मच्छर बाहेर, हवा आत. माळव्यातला दिवस कितीही तापो, दिवे लागले की जाळीतून असा वारा येतो की चादर शोधावी लागते. स्टेशन जवळच. आगगाडीचे डबे एकमेकांना जोडताना जो धक्का बसतो, तो कानांच्या आधी फळ्यांमधून तळपायांना कळतो.

पण मी आले तेव्हा त्या फळ्यांची पार रया गेली होती. काही वाकल्या होत्या, काहींच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. खिळ्यांची डोकी वर येऊन जाणाऱ्या-येणाऱ्याचा पदर ओढायची. झोपाळ्याखाली, पाय टेकून झोका द्यायच्या जागी, दोन खळगे पडले होते; एक उथळ आणि एक चांगला खोल, वाटीभर पाणी राहील एवढा. कुणी नवीन बाई बसायला आली की ‘या, बसा’ म्हणायच्या आधी काकू ओरडायच्या, “अहो, त्या पटियावर नको! उजवीकडून या, भिंतीला धरून!” घरच्या पायांना मात्र वाट पाठ होती. माझ्या पायांना ती पाठ झाली, त्या दिवशी मला उगीचच वाटलं, चला, आपणही आता थोडे या घरचे झालो.

तसं काही ठरलेलं नव्हतं. मी मूळची देवगडकडची. वडील गेले आणि सातवीनंतर शाळा सुटली. मास्तर एक-दोनदा आईला समजावायला आले, मग तेही यायचे थांबले. मावसबहीण इंदुरात होती, ताराकाकूंच्या तळमजल्यावर भाड्यानं. तिचे यजमान सरकारी कचेरीत कारकून. तिच्या बाळंतपणासाठी म्हणून मला इकडे धाडलं. पुढं नवा मध्य प्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला हलल्या, आणि कचेऱ्यांच्या मागोमाग माणसं. बहिणीला तिकडे एकच खोली मिळाली. टांग्यात सामान चढत होतं, पाळणा चढला, पाटावरवंटा चढला, आणि माझी ट्रंक काही कुणी उचलेना. बहीण माझ्याकडे बघत नव्हती. मी तिच्याकडे बघत नव्हते. तेवढ्यात वरून, जाळीच्या आडून, आवाज आला.

“राहू दे तिला माझ्याकडे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत. मग बघू.”

ट्रंक टांग्यात गेली नाही, माडीवर गेली. मी स्वयंपाकघरात, पाटांच्या रांगेशेजारी झोपू लागले. पण ते ‘मग बघू’ माझ्या उशाशी येऊन बसलं. त्यात नकार नाही म्हणून रडता येत नाही, होकार नाही म्हणून निजता येत नाही. गावी दादाचं नुकतंच लग्न झालेलं, आई त्यांच्या आसऱ्याला. मी परत गेले असते तर वाटणी आईच्या ताटातूनच झाली असती. इथं काकूंनी गल्लीतल्या शिवणाच्या वर्गात माझं नाव घातलं होतं, आणि ब्लाउजची बाही कुठं नुकती खांद्यावर नीट बसायला लागली होती. मला इथं राहायचं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलले की जाईल असं वाटायचं.

तर असा तो फाल्गुन. ऊन पांढरं व्हायला लागलेलं, हातोदच्या मंडीकडे जाणाऱ्या गव्हाच्या गाड्यांची धूळ कडुनिंबावर बसलेली. एक दिवस शेजारीण त्या वाकड्या फळीत पाय अडकून पडता पडता वाचली आणि काकूंनी जाहीर केलं, “बस. आता गौरीच्या हळदीकुंकवाच्या आत हा फर्श झालाच पाहिजे. उद्या बढई येतोय.”

मला वाटलं, कुणीतरी बढाईखोर पाहुणा येतोय. बढई म्हणजे सुतार, हे मला कुठं माहीत! आणि गंमत म्हणजे आलेल्या माणसाला दोन्ही अर्थ लागू पडले. गेंदालालजी बेटम्याहून आले होते. डोक्याला फेटा, कानावर पेन्सिल, आणि तोंडाला खंड नाही. पाया पडून झालं, चहा घेऊन झाला, आणि अवजारांच्या पिशवीला हात न लावता त्यांनी काकूंना सांगून टाकलं की इंदुरात जी जी दारं अजून नीट लागतात ती ती त्यांनीच केलेली आहेत.

“असो सागवान अबे काँ मिले, बाईजी! फेंकनो मती. पलटी करी दाँगा. ऊपर को नीचे, नीचे को ऊपर. नयो को नयो!”

म्हणजे नवं लाकूड आणायचं नाही. फळी उपटायची, झिजलेलं अंग खाली करायचं, आणि इतकी वर्षं खालच्या ओसरीचं छत म्हणून उभी असलेली तिची कोरी बाजू रंधा मारून वर घ्यायची. काकूंना ते एकदम पटलं. त्यांना जुन्याची मायाही नव्हती आणि नव्याचा सोसही नव्हता. काम होतंय ना, मग झालं.

मी स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते. गॅलरीतलं बोलणं तुकड्यातुकड्यानं येत होतं. काकू म्हणाल्या, “यहाँ लड़की सोएगी, गेंदालालजी. पटिया हिलना नहीं चाहिए.” मग गेंदालालजींनी काहीतरी विचारलं, त्यात ‘मँगानी पड़ेगी’ एवढं कळलं. आणि त्यावर काकूंचं उत्तर स्वच्छ ऐकू आलं:

“मँगानी कायको? आलसी तो घर में ही है.”

विसळलेलीच बशी मी पुन्हा विसळायला घेतली.

मला तेव्हा हिंदी अर्धीच कळायची. अर्ध्या कळलेल्या बोलण्यातली मोकळी जागा माणूस आपल्या भीतीनं भरून काढतो. मी भरून काढली. घरात काकू आणि मी, दोघीच; त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त बाहेरगावी. काकू आळशी नव्हत्या. इथं ‘लड़की’ झोपणार, म्हणजे दुसरी कुणी मुलगी येणार, कामाची, चटपटीत. तिच्यासाठी गॅलरी नीट करून घेतायत. आणि घरात आहे ती आळशी. गौरीचं हळदीकुंकू झालं की ‘मग बघू’ची वेळ येणार, आणि काय बघायचं ते त्यांचं आधीच बघून झालेलं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या फर्शवर तुटून पडले.

खिळे उपटायचे, ते दगडावर ठोकून सरळ करायचे, फळ्यांच्या पाठीवरचे चुन्याचे ओघळ खरवडायचे, रंध्याखालून निघालेले भुरकट शेवयांसारखे पापुद्रे गोळा करून बंबापाशी नेऊन ठेवायचे. बोटांत कुसळं जायची, ती शिवणाच्या सुईनं काढायची. शिवणाच्या वर्गाला दांडी. काकू उठायच्या आत दूध तापलेलं, केर गेलेला. गेंदालालजींना चहा त्यांनी मागायच्या आधी. ते तर खूशच झाले. “या तो छोरी नी है, बाईजी, भूत है भूत!”

काकू मात्र कावल्या. “अगं, जरा बस की! कुणी मागे लागलंय का तुझ्या? काल शिवणाच्या बाई विचारत होत्या, शालन का नाही आली. मी काय सांगू, ती बढईकडे नोकरीला लागली म्हणून?”

“नको काकू. होतंय माझं.” मी मान वर केली नाही. मान वर केली असती तर डोळे दिसले असते.

रंगपंचमीला गेंदालालजी आले नाहीत, आणि त्यानंतरच्या दिवशी आले ते कानांपर्यंत जांभळे. रंधा मारता मारता त्यांच्या कपाळावरचा घाम फळीवर पडला, तो गुलाबी. त्याच दिवशी बहुधा रंगाच्या धुंदीत त्यांनी एक चांगली लांब फळी हातभर आखूड कापली. जागेवर ठेवली, मागेपुढे सरकवली, डोळे बारीक करून बघितली. फळी काही वाढेना.

काकू झोपाळ्याच्या रिकाम्या कड्यांखाली कमरेवर हात ठेवून उभ्या. “क्यों गेंदालालजी, ये पटिया उपास रख के आया क्या? दुबला दिख रहा है.”

“लकड़ी सिकुड़ जाय है बाईजी, गरमी में.”

“हातभर?”

गेंदालालजींनी फेटा काढून डोकं खाजवलं. मलासुद्धा हसू आलं, कितीतरी दिवसांनी. मग ठरलं की तिथं तुकडा जोडायचा. पण जोड म्हटलं की चार खिळे, चार खिळे म्हटलं की वर येणारी डोकी. गेंदालालजींनी फळी उचलून धरली, एकदा या भिंतीकडे टोक केलं, एकदा त्या जाळीकडे.

“जोड़ किधर लूँ, बाईजी? सोने वाली को माथो किधर रेगो? जोड़ पे माथो आयो तो बाल अटकेगा.”

“थांबा, तिलाच विचारते,” काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “काय गं शालन, डोकं कुठल्या बाजूला करून झोपणार तू? भिंतीकडे, की जाळीकडे?”

मी हातातला खिळा सरळ करत होते. तो खाली ठेवला.

“मी?”

“मग कोण, गेंदालालजी?”

“पण इथं... दुसरी मुलगी येणार आहे ना?”

“कोण दुसरी?”

“तुम्ही त्यांना सांगत होतात, लड़की सोएगी म्हणून.”

“अगं, मग तू कोण आहेस? लड़काय? किती दिवस त्या पाटांशेजारी मुटकुळं करून झोपशील? शिवणाचं यंत्र आणलं तर ते ठेवायला तरी जागा नको?” काकूंचा आवाज चढला होता, चांगलं काही बोलायचं झालं की त्यांचा आवाज चढायचा, जणू भांडतायत. “सांग लवकर. माणूस फळी धरून उभाय.”

जे इतके दिवस मनात होतं तेच बाहेर आलं. “पण मी तर आळशी आहे ना, काकू?”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच. गेंदालालजींना. ‘मँगानी कायको, आलसी तो घर में ही है.’”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग गेंदालालजींकडे बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं आणि त्या एकदम खाली, नुकत्या पालटलेल्या फळ्यांवर बसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. “अगं माझे बाई! अलसी, अलसी! आलसी नाही!” उठायची ताकद नव्हती म्हणून बसल्या बसल्याच त्यांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं एक तेलकट डबा होता. काकूंच्या बेटम्याच्या पुतण्यानं घाण्यावरून काढून आणलेलं जवसाचं तेल. इकडे त्याला अलसी म्हणतात. लाकडाला पाजतात. आमच्या कोकणात जवस कुणी पेरत नाही. तिथं लाकडाला काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात, ज्यानं हात भाजतात. मला बिचारीला अलसी कुठून ठाऊक असणार!

गेंदालालजींना मराठीतला ‘आळशी’ समजावून सांगितला, तेव्हा ते माझ्यापेक्षाही उशिरा आणि काकूंपेक्षाही मोठ्यानं हसले. “जदी तो! म्हूँ सोचूँ, या छोरी असी पीछे काँई पड़ी है फर्श के!”

काकू डोळे पुसून शांत झाल्या. झोपाळ्याखालून काढलेली ती खळग्याची फळी त्यांच्या शेजारीच आडवी पडली होती. त्यांनी खोल खळग्यात टाच ठेवून बघितली. बरोबर बसली.

“हा माझा,” त्या म्हणाल्या. “तो उथळ तो ह्यांचा. जन्मभर झोके मी द्यायची, हे नुसते पान खात बसायचे. या घरात आळशी एकच होता शालन, आणि तो केव्हाच फोटोत जाऊन बसलाय.”

भिंतीवरच्या फोटोतल्या काकांनी ते ऐकून घेतलं.

“आता सांग. भिंतीकडे की जाळीकडे?”

“जाळीकडे,” मी म्हटलं.

जोड भिंतीकडे गेला.

मग कामाला घाई राहिली नाही. चैत्राच्या त्या सकाळी आठवतात त्या सगळ्या सावकाश सकाळी आहेत. गेंदालालजी जुन्या खिळ्यांच्या भोकांत भुसा आणि सरस भरत बसायचे आणि कुठल्या कुठल्या दारांच्या गोष्टी सांगायचे. मी शिवणाच्या वर्गाला जाऊन यायचे आणि उरलेलं ऊन उतरेपर्यंत फळ्यांना अलसी पाजायचे. पहिला हात दिला तेव्हा फिकट पडलेला साग मधासारखा उजळला. काकू झोपाळ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या. आता खाली टाच टेकवायला त्यांचं मन होईना. “नव्या फर्शला खळगा नको पाडायला,” म्हणायच्या, आणि दोन दिवसांनी विसरून झोका द्यायला लागल्या. माझं नाव त्या चैत्रापासून अलसी पडलं. “ए अलसी, चहा टाक.” “अलसी, गौरीला मोगरा आणलास का?” बायका विचारायच्या, हे काय नाव! काकू प्रत्येकीला पहिल्यापासून सगळी हकीकत सांगायच्या, आणि दर वेळी हसता हसता त्यांना पदर लागायचा.

हळदीकुंकू झालं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाची कमळं. बायका कुठूनही आल्या, कुठंही बसल्या, कुणालाही ‘तिथं नको’ म्हणावं लागलं नाही. शेवटच्या बाईच्या ओटीत हरभरे घालून झाल्यावर मी वाट बघत होते, आता ‘मग बघू’चा विषय निघेल. काकूंनी रिकामी पातेली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “पुढच्या वर्षी डाळ जरा जास्त भिजवू. कमी पडली.”

तो विषय निघाला तो एवढाच.

मी अजून याच गॅलरीत झोपते. डोकं जाळीकडे. शिवणाचं यंत्र भिंतीकडे, बरोबर त्या जोडावर. खिळ्यांची डोकी वर आली आहेत, पण यंत्राच्या पायांना केस नसतात. काकूंना जिना चढवेना, म्हणून गेल्या वर्षी मुलानं त्यांना भोपाळला नेलं. घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. घराचं पुढं काय, ते तो बघणार आहे. म्हणजे पुन्हा ‘बघू’च. भीती गेलेली नाही, फक्त आता तिची ओळख झाली आहे. फार वाटलं तर मी खाली ओसरीत जाऊन उभी राहते आणि वर बघते. पालटलेल्या फळ्यांची झिजलेली अंगं तिथं छताला आहेत. खालच्या बिऱ्हाडातल्यांना तो खोल खळगा म्हणजे लाकडातला दोष वाटतो. मला तिथं डोक्यावर काकूंची टाच दिसते.

थंडीत मी भोपाळला जाऊन आले. मुलाचं सरकारी क्वार्टर, माणसं पुष्कळ, जागा बेताची. काकूंची खाट बोळकांडीत, दाराशी. दार उघडलं की खाटेला लागतं, मग त्या पाय आखडून घेतात. दुसऱ्या बाजूला डोकं करावं तर मोरीचं दार. सगळे प्रेमानं वागतात, खोटं कशाला बोलू. आणि काकू तर म्हणाल्याच, “आरामात आहे गं अलसी. तू तुझं बघ.” पण त्यांना तिथं कुणी विचारलेलं नाही. विचारायला दोन बाजूच नाहीत.

काकू, माझ्या हातात अजून फार काही नाही. ब्लाउज शिवते, परकर शिवते, कधी एखादं झबलं. पण आज अलसीचा वास हाताला आहे तोवर लिहून ठेवते. कधी ना कधी मी एक जागा घेईन, जिना नसलेली. तिला जाळी असेल, झोपाळा असेल, आणि खाली लाकडी फळ्या, मग त्या जुन्याच पालटून घेतलेल्या का असेनात. गेंदालालजी असले तर तेच, नाहीतर दुसरा कुणी बढाईखोर बढई, फळी धरून उभा राहील. तो घाई करेल. त्याला मी थांबवेन, तुमचा हात धरून तुम्हाला तिथवर आणेन, आणि एकही खिळा ठोकायच्या आधी विचारेन: काकू, डोकं कुठल्या बाजूला?